घोड्यावरून पाहिलेला शरद

शरद आला की आपल्याकडे दिवाळी अंक येतात, आणि दिवाळी अंक आले की त्यांच्यामागोमाग शरदाची वर्णने येतात. निरभ्र आकाश, निवळलेले पाणी, कोजागरीचे चांदणे, ओंब्यांनी वाकलेली भाते अशी या सामग्रीची एक यादीच परंपरेने आपल्या हाती दिलेली आहे, आणि तिचे मूळ कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’पर्यंत मागे नेता येते. या यादीविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती भाषांतरकारांविषयी. इंग्रजी कथाकादंबऱ्यांतला ‘ऑटम’ मराठीत आणताना ते बिनदिक्कत ‘शरद’ हा शब्द वापरतात. आपला शरद हा भरून येण्याचा ऋतू आहे. पावसाने दिलेले सगळे या दिवसांत हाताशी येते. पाने आपल्याकडे गळतात ती शिशिरात, आणि त्या पानगळीला वैराग्याची कळा असते, उत्सवाची नसते. इंग्रजी ‘ऑटम’मध्ये मात्र पीकही आहे, पानगळही आहे, आणि पान गळण्यापूर्वी झाडांनी केलेला रंगांचा एक मोठा सोहळाही आहे. एका शब्दाने हे दोन अनुभव बांधले, म्हणजे वाचकाच्या मनात ना हा ऋतू उभा राहतो, ना तो.

त्यातही ‘ऑटम’ म्हणजे तरी एकच वस्तू आहे काय? अमेरिकन वाङ्मयात दीर्घकाळ शरद म्हणजे ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडचा शरद, असे समीकरण रूढ होते. तेथे मेपलची अरण्ये लाल होतात, डोंगरच्या डोंगर पेटल्यासारखे दिसतात, आणि कॅलेंडरांपासून कवितांपर्यंत सर्वत्र तीच चित्रे उमटतात. पण त्याच देशाच्या नैर्ऋत्येला न्यू मेक्सिको, ॲरिझोना यांसारखा कोरडा मुलूख पसरलेला आहे. अल्बुकर्की शहरी वर्षाकाठी सुमारे ९ इंच पाऊस पडतो. आपला माणदेश दुष्काळी म्हणून प्रसिद्ध, तरी तेथेही याच्या सुमारे दुप्पट पडतो. अशा मुलखात शरद कोठे आणि कसा येतो, आणि तो घोड्याच्या पाठीवरून पाहणाऱ्या लेखकांना काय सापडते, हा या लेखाचा विषय आहे. विषय दूरचा आहे हे मला मान्य आहे. परंतु निसर्गवर्णन ही कथेवर चढवलेली वेलबुट्टी असते, असे जे एक मत आपल्या समीक्षेत अधूनमधून डोके वर काढते, त्याची परीक्षा घ्यायला इतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

प्रथम हा शरद आहे तरी कसा, ते पाहू. पानातले हरितद्रव्य थंडीच्या चाहुलीने ओसरू लागते आणि त्याच्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो, एवढे शास्त्र आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. लाल रंगाचे गणित वेगळे. तो पानात त्या वेळी नव्याने तयार व्हावा लागतो, आणि मेपलसारखी काही झाडेच तो मनमुराद तयार करतात. वाळवंटी मुलखाच्या वाट्याला मुख्यतः पिवळा रंग येतो. डोंगरमाथ्यावर नऊदहा हजार फुटांवर ॲस्पेनची झाडे असतात, ती सप्टेंबरअखेरीस सोनेरी होतात. माळावर चमिसा नावाचे झुडूप याच सुमारास पिवळ्या फुलांनी भरून जाते. आणि मग सावकाश, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, खाली नदीकाठची कॉटनवुडची झाडे पिवळी होतात. म्हणजे येथे ऋतू डोंगर उतरत उतरत येतो. ज्याला तो लवकर भेटायला हवा असेल त्याने वर चढून जावे, ज्याला वेळ असेल त्याने नदीकाठी वाट पाहावी.

या रंगाची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. न्यू इंग्लंडचा रंग पसरलेला असतो, वाळवंटातला रंग रेघेने येतो. तांबड्या-करड्या अफाट पसाऱ्यातून एखादी बारीक पिवळी रेघ वळणे घेत जाताना दिसते. ती रेघ म्हणजे ओढा किंवा नदी. कॉटनवुडला मुळाशी पाणी लागते. ते जेथे नाही तेथे हे झाड नाही. उन्हाळ्यात ही रेघ हिरवी असते, पण शरदात ती अशी पेटून उठते की पाचसहा मैलांवरूनही नजरेत भरावी. ज्याला आपण शरदाचे सौंदर्य म्हणतो, तो तेथे पाण्याचा नकाशा असतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना जे सुख होते, त्याच्या मुळाशी तहान असते.

कॉटनवुड हे नाव आपल्याला परके, पण झाड अगदीच परके नाही. त्याचे पान आपल्या पिंपळाच्या पानाच्या घडणीचे, रुंद बुडाचे आणि टोकदार असते. देठ लांब आणि चपटा असल्यामुळे वाऱ्याच्या हलक्या झुळुकेनेही पान सळसळत राहते. बी सावरीसारख्या कापसातून उडते, म्हणून नाव कॉटनवुड. पिंपळाखाली बसून ज्याने ती सळसळ ऐकली आहे, त्याला त्या काठावरच्या शरदाचा निदान आवाज तरी ओळखीचा वाटेल.

आता घोडा. अमेरिकेच्या पश्चिमेविषयी लिहिताना घोडा न आणणारा लेखक विरळा. पण घोडा आणणे आणि घोड्यावरून पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. झेन ग्रे या धंद्याने दंतवैद्य असलेल्या लेखकाने १९१२ साली ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ ही कादंबरी लिहिली आणि पुढल्या शेकडो कादंबऱ्यांना व चित्रपटांना साचा पुरवला. तिच्यात घोडे पुष्कळ आहेत, जांभळी झुडपेही पुष्कळ आहेत. परंतु ते घोडे पाठलागासाठी आहेत. चौखूर उधळलेल्या स्वाराला देखावा दिसत नाही, तो फक्त मागे पडतो. दुसरे टोक मोटारीचे. चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ १९२९ साली न्यू मेक्सिकोत मोटार चालवायला शिकली, आणि पुढे चामा नदीकाठच्या कॉटनवुडची तिने फार सुंदर चित्रे काढली. पण चित्रकाराची मोटार हवे तेथे थांबते; कादंबरीकाराला वाट चालावी लागते. घोड्याची चाल ही या दोहोंच्या मधली आहे. स्वाराची नजर पायी चालणाऱ्यापेक्षा बरीच उंच असते, म्हणून झुडपांच्या वरून त्याला क्षितिज दिसते. लगाम ढिला सोडला तर वाट शोधण्याचे काम घोडा करतो आणि स्वाराचे डोळे मोकळे राहतात. शिवाय आणखी एक गोष्ट आहे: स्वार एकटा पाहत नसतो. त्याच्या मांडीखाली दुसरा एक जीव त्याच मुलखाचा वास घेत, कान टवकारत, आपल्या परीने तो मुलूख वाचत असतो. माझा स्वतःचा घोड्याशी संबंध माथेरानच्या तट्टांपुरता; पण उतारावर आपण दरीकडे पाहत असता ते तट्टू आपल्या आधी पायाखालचा दगड ओळखते, एवढा अनुभव त्यावरूनही मिळतो.

या दोन जाणिवांचे कलात्मक मूल्य प्रथम पूर्णपणे ओळखले ते विला कॅथर या लेखिकेने. कॅथर १८७३ साली जन्मली, नेब्रास्काच्या माळावर वाढली, आणि १९१२ साली प्रथम नैर्ऋत्येत गेली. त्या प्रवासाने तिच्या लेखनाला वेगळे वळण दिले. तिची ‘डेथ कम्स फॉर द आर्चबिशप’ ही कादंबरी १९२७ साली प्रसिद्ध झाली. सँता फे येथे १८५१ साली आलेले फ्रेंच बिशप झाँ-बातिस्त लामी आणि त्यांचे सहकारी जोसेफ माशबफ यांच्या चरित्रांवर ती उभारलेली आहे. कादंबरीत त्यांची नावे बदलली आहेत: बिशपचे नाव लातूर. (मराठी वाचकाच्या ओठांवर येथे हसू उमटणे साहजिक आहे, पण त्या सत्पुरुषाचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही.)

रोममधील एका प्रास्ताविक प्रसंगानंतर खरी कादंबरी सुरू होते ती १८५१ च्या शरदातल्या एका दुपारी. एक एकटा स्वार, मागे सामान लादलेले खेचर, आणि सभोवार वाळूच्या शंकूसारख्या लाल टेकड्या. टेकडीमागून टेकडी, सगळ्या एका मापाच्या, प्रत्येकीवर ज्युनिपरची तशीच ठेंगणी झुडपे. स्वार वाट चुकला आहे, त्याच्याजवळचे पाणी संपले आहे, आणि त्या एकसारखेपणाने त्याचे डोके भणभणू लागले आहे. येथे वाचकाने थांबून एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. लेखिकेने ‘शरद’ हा शब्द उच्चारला आहे, परंतु या टेकड्यांत शरदाचा मागमूस नाही. एक पिवळे पान नाही. दुसऱ्या एखाद्या लेखकाने ऋतूचे नाव घेताच रंगांचा सडा घातला असता. कॅथर तसे करत नाही, कारण तिला हा मुलूख ठाऊक आहे: जेथे पाणी नाही तेथे ऋतू दिसत नाही. काळ तेथे केवळ पंचांगात असतो.

मग काय घडते? बिशपला क्रुसाच्या आकाराचे एक झाड दिसते, तो उतरून प्रार्थना करतो आणि पुन्हा स्वार होतो. काही वेळाने त्याला आपल्या घोडीच्या अंगात बदल जाणवतो. ती बऱ्याच वेळाने मान वर उचलते, पायांवरचा भार सावरून घेते. मागचे खेचरही तसेच करते, आणि दोघांची चाल वाढते. जनावरांना पाण्याचा वास आला आहे. थोड्याच वेळात टेकड्यांच्या खोबणीत लपलेली एक वस्ती दिसते. वाहता झरा, कॉटनवुडची झाडे, मातीची घरे, बहरलेल्या बागा, आणि शेळ्यांचा कळप पाण्यावर नेणारा एक पोरगा. ‘आग्वा सेक्रेता’, म्हणजे गुप्त पाणी, हे त्या वस्तीचे नाव.

या प्रसंगावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि बहुतेकांची नजर त्या क्रुसाकार झाडावर खिळलेली आहे. प्रार्थना केली आणि पाणी मिळाले, असा धार्मिक अर्थ तेथे आहेच. पण मला या प्रसंगाची खरी कारागिरी घोडीच्या मानेत दिसते. चमत्कार घडतो तो जनावराच्या शरीरातून घडतो. बिशपला तो आधी दिसत नाही, ऐकू येत नाही. मांडीखालच्या स्नायूंतून तो त्याला कळतो. खोगिरावर बसलेल्या माणसाखेरीज हा अनुभव कोणाला येऊ शकत नाही, आणि म्हणून या कथेत घोडा हे वाहन राहत नाही, ते एक इंद्रिय होते. कॅथरने पुढे काँतेंतो आणि आंजेलिका ही दोन पांढरी खेचरे आणली आहेत. फादर व्हायाँ ती एका सधन जमीनदाराकडून किती गोड हट्टाने पदरात पाडून घेतो, ते प्रकरण या गंभीर पुस्तकातले सर्वांत खट्याळ प्रकरण आहे. ती जनावरेही या दोन मित्रांच्या आयुष्याचा भाग होऊन जातात.

कादंबरीच्या अखेरीस म्हातारा झालेला बिशप निवृत्तीसाठी फ्रान्सला परत जाऊ शकला असता. तो जात नाही. कारण विचारले तर तो धर्माचे देत नाही, हवेचे देतो. त्या कोरड्या मुलखातली पहाटेची हलकी हवा माणसाला तरुण करून जागी करते. नांगरलेल्या, माणसाळलेल्या देशात ती हवा नाहीशी होते, असे त्याला वाटते. शरीराला कळलेल्या सत्याचा मान येथेही राखला आहे. पहिल्या प्रकरणात घोडीला जे पाण्याविषयी कळले, ते शेवटी माणसाला हवेविषयी कळले आहे. निसर्गवर्णनाला वेलबुट्टी म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की ही वेलबुट्टी काढून टाकल्यावर या कादंबरीत शिल्लक काय राहते?

तरीही या कादंबरीविषयी एक अडचण उरते, आणि ती सांगितल्याशिवाय तिची स्तुती पुरी होणार नाही. ‘द लँड ऑफ लिटल रेन’ (१९०३) हे कोरड्या मुलखावरचे श्रेष्ठ पुस्तक लिहिणाऱ्या मेरी ऑस्टिन या सँता फेत राहत. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अर्थ होरायझन’ या आत्मचरित्रात त्यांनी खंत व्यक्त केली की कॅथरने आपली निष्ठा बिशपच्या फ्रेंच रक्ताला वाहिली; त्या स्पॅनिश मुलखात फ्रेंच धाटणीचे कॅथीड्रल उभे राहिले ही त्यांच्या मते एक आपत्ती होती. ऑस्टिनबाईंच्या म्हणण्यात थोडा अतिरेक आहे, परंतु बोट त्यांनी योग्य जागी ठेवले आहे. लातूर एका सोनेरी दगडाच्या टेकडीकडे पाहतो तेव्हा त्याला त्यात आपले कॅथीड्रल दिसते. पिवळा रंग पाहून त्याला फ्रान्स आठवतो. तो पाहतो प्रेमाने, पण त्याच्या प्रेमाची भाषा परकी आहे. युसेबियो हा नाव्हाहो मित्र त्याच्याबरोबर प्रवास करतो, त्या प्रकरणात कॅथर मूळ रहिवाशांची एक थोर सवय टिपते: तळ उठवताना ते आपल्या मुक्कामाची खूण पुसून टाकतात, मुलूख होता तसा ठेवून जातात. हे निरीक्षण अत्यंत आदराचे आहे. पण त्याच प्रकरणात युसेबियो हा माणूस न राहता मुलखाचाच एक तुकडा होऊन जातो. त्याला स्वतःला त्या वाटेवर काय दिसत होते, हे कादंबरी विचारत नाही. नाव्हाहोंची १८६०च्या दशकात जी हद्दपारी झाली, किट कार्सनच्या सैन्याने त्यांच्या पीचच्या बागा तोडल्या, तो अन्याय कॅथर झाकत नाही. त्यांचे परतणे पाहायला मिळाले यात बिशपला धन्यता वाटते. तथापि ती धन्यता बिशपची आहे.

युसेबियोच्या बाजूचा माणूस काय पाहत असेल, या प्रश्नाचे उत्तर पन्नास वर्षांनी मिळाले. लेस्ली मार्मन सिल्को ही लगूना प्यूब्लो या वस्तीत वाढलेली लेखिका. तिची ‘सेरेमनी’ ही कादंबरी १९७७ साली आली. लगूना ही जागा कॅथरच्या बिशपनेही पाहिलेली आहे. म्हणजे भूमी तीच, स्वार दुसरा. टायो हा दुसऱ्या महायुद्धातून परतलेला तरुण मनाने मोडून गेला आहे. इस्पितळातल्या औषधांनी त्याला गुण आला नाही. बेटोनी नावाचा एक वृद्ध वैदू त्याला सांगतो की तुझ्या बरे होण्याच्या वाटेवर मला काही तारे, ठिपक्यांची गुरे, एक डोंगर आणि एक स्त्री दिसते. टायोच्या मामाने घेतलेली ठिपक्यांची मेक्सिकन गुरे चोरीला गेलेली असतात. सप्टेंबर सरताना टायो त्यांच्या शोधात घोड्यावर बसून डोंगर चढू लागतो.

तो डोंगर नकाशावर माउंट टेलर म्हणून दाखवलेला असतो. उंची ११,३०१ फूट; नाव १८४९ साली एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षावरून पडलेले. सिल्कोच्या कादंबरीत त्याचे नाव त्से-पिना, ढगांचा पदर घेतलेली स्त्री. त्याच डोंगराला नाव्हाहो लोक आपल्या दक्षिणेचा पवित्र डोंगर मानतात आणि त्याला नीलमण्याचा रंग देतात; लगूना-अकोमाच्या केरेस भाषिकांसाठी तो उत्तरेचा आहे, आणि उत्तरेचा रंग पिवळा. टायोला डोंगराच्या पायथ्याशी एक स्त्री भेटते, तिने पिवळा परकर नेसलेला आहे. ती कोण, हे कादंबरी स्पष्ट सांगत नाही, सांगायची गरजही नाही. केरेस वाचकाला तो रंग दिशेसकट कळतो. एवढे ध्यानात घेतले, म्हणजे या शरदातल्या पिवळ्या रंगाचा अर्थ पालटतो. लातूरच्या दृष्टीला पिवळा रंग ही एक आठवण होती. टायोच्या बाबतीत ती दिशा आहे, आपण योग्य वाटेवर आहोत याची खूण आहे.

आणि मग त्या वाटेत कुंपण येते. डोंगरावर एका गोऱ्या जमीनदाराने लांडगेही शिरू नयेत असे पोलादी तारांचे कुंपण घातले आहे. मैलाला हजार डॉलर खर्चून. प्रत्यक्षात ते लांडग्यांसाठी नाही, मेक्सिकनांसाठी आणि इंडियनांसाठी आहे. चोरीची गुरे आत आहेत. टायो घोड्यावरून उतरतो आणि तार कापायला बसतो. कापताना त्याच्या ध्यानात येते की चोरी गोरा माणूस करू शकतो ही गोष्ट मानायलाच आपले मन तयार नव्हते. या कादंबरीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण मला हा वाटतो. शरदाचा, डोंगराचा, घोडेस्वारीचा आनंद एका तारेपाशी येऊन अडतो, आणि मग वाचकाला कळते की जो मुलूख आपण रमून पाहत होतो तो कोणाचा तरी हिसकावून घेतलेला आहे. लातूरच्या वाटेवर कुंपण नव्हते. १८५१ साली ते तेथे नव्हतेच. पण असते तरी बिशपसाठी त्याचे फाटक उघडले गेले असते.

सिल्को या प्रसंगावर थांबत नाही हे तिचे मोठेपण. पहारेकरी टायोला पकडतात, आणि मग वनसिंहाचे ठसे दिसताच त्याला सोडून शिकारीमागे लागतात. बर्फ पडू लागते. ते वनसिंहाचे आणि गुरांचे ठसे झाकून टाकते. शरद संपून हिवाळा आला तो नेमका कोणाच्या उपयोगी पडला, हे सांगायला लेखिका एक वाक्यही खर्च करत नाही. गुरे स्वतःच दक्षिणेकडे तोंड करून धावतात, कारण ती वाळवंटाची गुरे आहेत आणि त्यांना घर ठाऊक आहे. कॅथरच्या घोडीला पाणी कळले तसेच हे कळणे आहे. जनावराच्या शहाणपणावर दोन्ही लेखिकांचा सारखाच विश्वास आहे, आणि माझ्या दृष्टीने ही या दोन पुस्तकांतली सर्वांत खोल नातेसंबंधाची जागा आहे.

दोघींत डावेउजवे करायचेच झाले, तर वाक्यावाक्याची निर्मळता कॅथरची थोर. तिच्या गद्यात त्या हवेसारखाच कोरडा स्वच्छपणा आहे. सिल्कोची कादंबरी मध्येच जड होते. दुष्ट शक्तींचा कट ती कधी कधी इतका उलगडून सांगते की वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही. परंतु तिचा शेवट शरदसंपाताच्या रात्री युरेनियमच्या खाणीपाशी होतो, आणि तेथे ती अशा ठिकाणी पोचते जेथे कॅथरला जाण्याचे कारण नव्हते. लगूनाच्या भूमीवर जॅकपाइल ही युरेनियमची प्रचंड उघडी खाण १९५३ ते १९८२ पर्यंत चालली. त्या खनिजाचा रंगही पिवळा. सिल्कोने त्या दगडातल्या पिवळ्या रेषा पाहिल्या आहेत आणि त्यांचे सौंदर्यही नाकारलेले नाही. जो रंग पाण्याची, उत्तरेची, त्या स्त्रीची खूण होता, तोच येथे मरणाची खूण होतो. आणि टायोला तो वेगळा ओळखावा लागतो. ऋतुवर्णनाकडून याहून अधिक काय मागावे?

हे सगळे वाचताना माझे मन राहून राहून आपल्याकडे वळते. घोड्यावरचा शरद ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. पावसाळ्यात लष्कराने छावणीत राहावे आणि दसऱ्याला मुलुखगिरीस बाहेर पडावे, ही शिवाजी महाराजांच्या फौजेची रीत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवली आहे. नद्यांचे पूर ओसरले, वाटा वाळल्या, वैरण तयार झाली, की घोड्यावर खोगीर चढे. शतकानुशतके या महाराष्ट्रात शरद ऋतू खोगिरावर बसून सीमा ओलांडत आला. पण बखरीत घोड्यांची गणती मिळते, मजला मिळतात, मुलूख कसा दिसला ते मिळत नाही. स्वाराला लिहिण्याची सवड नव्हती, आणि ज्याला सवड मिळाली तो स्वार नव्हता. पुढे दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ (१९५६) लिहून आपल्या महिन्यामहिन्यांना डोळे दिले. पण ते डोळे स्थिर उभे राहून, जवळ जाऊन पाहणाऱ्याचे आहेत. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) कोरड्या मुलखाची वाट आहे, आणि तो तरुण मास्तर ती पायी तुडवतो. आपली ही दोन्ही पुस्तके या विदेशी पुस्तकांच्या पंक्तीला निःसंकोच बसतील. तरीही दसऱ्याला सीमोल्लंघन करणाऱ्या स्वाराला कऱ्हेकाठी काय दिसले असेल, आणि ज्यांच्या शेतांतून तो गेला त्यांना तो कसा दिसला असेल, ही कादंबरी मराठीत अजून लिहायची राहिली आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांचे आपल्याकडे पीक आहे. त्यांतले घोडे मात्र बहुतेक झेन ग्रेच्या जातीचे आहेत. ते सदैव दौडत असतात. त्यांना कधी तहान लागत नाही.

त्या दूरच्या नदीकाठाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. कॉटनवुडचे बी रुजायला वसंतातल्या पुराने ओलावलेली उघडी वाळू लागते. विसाव्या शतकात रिओ ग्रांदे नदीवर धरणे बांधली गेली, बंधारे घातले गेले, पूर आटोक्यात आले. गावांची सोय झाली, पण काठावरच्या रानात नवी रोपे फारशी उगवेनाशी झाली. आज शरदात जी सोनेरी रेघ पाहून प्रवासी हरखतात, ती पुष्कळ अंशी जुन्या पुरांनी लावलेल्या म्हाताऱ्या झाडांची आहे. काही ठिकाणी आता माणसे हाताने फांद्या रोवून झाडे लावतात. ज्या रेघेने तहानेल्या स्वाराला पाणी दाखवले, तिला पाणी दाखवण्याची पाळी आता माणसावर आली आहे.

म्हणून मी म्हणतो की या पुस्तकांतली ऋतुवर्णने नुसती चवीने वाचून भागायचे नाही. आस्वाद घेणे म्हणजे मालकी सांगणे नव्हे, हे कॅथरला अर्धे कळले होते आणि सिल्कोने पुरते कळवून दिले. आस्वादाला एक देणे लागते. मुलूख कोणाचा, पाणी कोणाचे, कुंपण कोणी घातले, हे विचारल्यावरही जे सौंदर्य टिकते ते खरे. कॅथरच्या पहिल्या प्रकरणातले ते घोडीचे मान उचलणे या कसोटीला आजही उतरते, कारण तिला त्या मुलखाकडून पाण्यापलीकडे काही नको होते.